'भारतात प्रथमच' छापण्याआधी नमुन्याचा क्रमांक विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की एक मथळा हमखास वाचायला मिळतो : 'ही वनस्पती भारतात प्रथमच आढळली'. सोबत फुलाचा देखणा फोटो असतो, शोधणाऱ्यांची नावे असतात. मजकुरात एका ओळीत 'नवी प्रजाती' म्हटलेले असते, पुढच्याच ओळीत 'नवी नोंद'. त्या झाडाचा वाळवलेला नमुना कोणत्या संग्रहात ठेवला आणि त्याचा क्रमांक काय, हे मात्र क्वचितच छापून येते. वनस्पतींचे वर्गीकरण शिकवणाऱ्या आणि नमुने गोळा करणाऱ्या आम्हा मंडळींची विनंती एवढीच, की हा क्रमांक हातात आल्याशिवाय अशी बातमी छापू नये. आपल्या वाचकांत कॅमेरा घेऊन रानावनांत हिंडणारे पुष्कळ जण आहेत. क्रमांक मिळेपर्यंत काय करावे लागते आणि काम कुठे बिघडते, हे त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. नवी प्रजाती म्हणजे जगात कोणीच ज्याचे वर्णन केलेले नाही असे झाड. त्याला नाव द्यावे लागते, त्याचे वेगळेपण लॅटिन किंवा इंग्रजीत छापावे लागते आणि एक नमुना 'टाइप', म्हणजे त्या नावाचा आधार, म्हणून कायमचा नेमून द्यावा लागतो. नवी नोंद ही त्याहून साधी गोष्ट. झाडाला नाव आधीच आहे, ते म्यानमारात, श्रीलंकेत किंवा ब्राझीलमध्ये ठाऊक आहे, पण आपल्या देशाच्या यादीत नव्हते. इथे तीनच गोष्टी सिद्ध करायच्या असतात : हे झाड तेच आहे, ते इथे आपले आपण वाढते आहे आणि यापूर्वी ते इथून कोणी नोंदलेले नाही. तिन्हींचा पुरावा शेवटी त्या वाळलेल्या कागदावर येऊन ठेपतो. फोटोत बीजावरचे केस मोजता येत नाहीत, की अंडाशयाचे कप्पे कापून पाहता येत नाहीत. पन्नास वर्षांनी कोणाला शंका आली, तर फोटोला पुन्हा प्रश्न विचारता येत नाही. नमुन्याला येतो.

नमुना गोळा करतानाची पहिली चूक म्हणजे नुसते फूल तोडून आणणे. लहान रोप मुळासकट हवे. बहुवर्षायू आहे की एका हंगामाचे, जमिनीखाली कंद आहे की धावता खोड, हे मुळाशिवाय कळत नाही. खालची आणि वरची पाने अनेकदा वेगळी असतात, म्हणून दोन्ही हवीत. फूल आणि फळ दोन्ही हवे. एकाच वेळी मिळाले नाही, तर महिन्याभराने त्याच जागी पुन्हा जायचे आणि त्या खेपेला नवा क्रमांक द्यायचा (हा संग्राहकाचा स्वतःचा, वहीतला क्रमांक). एका जागेवरून एकाच दिवशी एकाच जातीचे निदान तीन ते पाच नमुने घ्यावेत, सर्वांना क्रमांक एकच. मात्र आधी रोपे मोजावीत. वीस रोपांमागे एकाहून जास्त उपटायचे नाही हा जुना संकेत आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पाच-सातच रोपे असतील, तर एक फांदी आणि भरपूर फोटो, तेवढ्यावर थांबावे.

उपटण्यापूर्वी फोटो. आजूबाजूच्या जागेसकट पूर्ण रोप, पानाच्या दोन्ही बाजू, फूल समोरून, बाजूने आणि मागून, ब्लेडने उभे चिरलेले फूल, फळ, बी, आणि प्रत्येक चौकटीत मोजपट्टी. मग वही. वाळल्यावर जे नाहीसे होते ते आधी लिहायचे : उंची, फुलाचा रंग, वास, चीक आहे की नाही आणि असल्यास कोणत्या रंगाचा, फूल किती वाजता उमलले. केना या पावसाळी तणाच्या कुळातली फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्यांचे पाणी होते. ती बारा वाजता पिशवीत घालून घरी आणली, तर हाती एक चिकट निळा ठिपका उरतो. अशी फुले जागेवरच ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाकावीत. आत पेन्सिलीने क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाकायची. शाईने लिहिले तर अल्कोहोलमध्ये अक्षरे धुऊन निघतात आणि क्रमांकाविना फूल निरुपयोगी होते.

जागेची नोंद 'आरे, मुंबई' एवढी पुरत नाही. अक्षांश-रेखांश दशांशांत लिहावेत. पाचव्या दशांश स्थळापर्यंत लिहिले की नेमकेपणा साधारण मीटरभरावर येतो, पण दाट झाडीत फोन स्वतःच दहा-वीस मीटर चुकतो, म्हणून फोन दाखवतो ती अचूकताही सोबत लिहावी. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल ही फार आढळणारी चूक आहे. मुंबईचे १९ आणि ७२.८ हे आकडे उलटे पडले, तर रोप नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. तारखेत महिना अक्षरात लिहावा, कारण ७/८ हा कोणाला सात ऑगस्ट वाटतो तर कोणाला आठ जुलै. संग्राहकाचा क्रमांक आयुष्यभर एकाच मालिकेत चालू ठेवायचा. दरवर्षी एकपासून सुरुवात केली, की एकाच माणसाचे पाच वेगवेगळे '१२' तयार होतात.

आता मुंबईतले सर्वांत अवघड काम : वाळवणे. जुलै-ऑगस्टच्या हवेत इथे टॉवेल वाळत नाही, तिथे रसरशीत रोप काय वाळणार! संग्रहात नाकारल्या जाणाऱ्या नमुन्यांपैकी कितीतरी ओळख चुकल्यामुळे नव्हे, तर बुरशी लागल्यामुळे, काळे पडल्यामुळे किंवा पाने गळाल्यामुळे नाकारले जातात.

लाकडी पट्ट्यांची सुमारे ३० बाय ४५ सेंटिमीटरची दाबचौकट (प्रेस) आणि दोन घट्ट पट्टे, एवढे साहित्य पुरते. कागद वर्तमानपत्राचाच सर्वांत चांगला. साधा न्यूजप्रिंट पाणी शोषतो. रंगीत पुरवणीचा गुळगुळीत कागद शोषत नाही आणि पानाला चिकटतो, तो वापरू नये. रोप कागदापेक्षा लांब असेल तर कापू नये, इंग्रजी व्ही किंवा एन अक्षरासारखे दुमडावे. एक-दोन पाने उलटी ठेवावीत, म्हणजे खालची लव आणि शिरा दिसतात. एखादे फूल उघडून पसरावे. पहिला कागद चार-सहा तासांत बदलायचा, कारण झाडातले बरेच पाणी तेव्हाच बाहेर पडते आणि पाने अजून मऊ असल्याने घड्याही नीट करता येतात. मग तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, पुढे रोज एकदा. कोरड्या दिवसांत आठवडा लागतो, पावसाळ्यात नुसत्या कागदावर पंधरवडाही लागतो. काढलेले ओले कागद नीट वाळल्याशिवाय पुन्हा वापरले, की बुरशी त्याच कागदातून पुढच्या नमुन्यात जाते.

म्हणून पावसाळ्यात उष्णता द्यावीच लागते. प्लायवुडचे एक खोके, तळाशी जुन्या पद्धतीचे ६० किंवा १०० वॅटचे दोन दिवे, वर जाळी आणि जाळीवर उभा प्रेस. एलईडी दिव्याने काहीच होत नाही, ऊब तारेच्या दिव्यातूनच येते. प्रत्येक दोन-तीन नमुन्यांमध्ये पन्हळी पुठ्ठा घालायचा. त्याच्या नळ्या आडव्या, म्हणजे रुंदीच्या दिशेने असाव्यात. प्रेस कडेवर उभा केला की त्या खालून वर जातात आणि गरम हवा त्यांतून चढते. नळ्या लांबीच्या दिशेने आल्या, तर हवा अडते आणि मधले नमुने ओलेच राहतात. तापमान ४५ अंशांच्या आसपास ठेवावे. साठच्या वर गेले की पाने तपकिरी व ठिसूळ होतात आणि डीएनएही बिघडतो. इस्त्री किंवा मायक्रोवेव्हने वाळवलेला नमुना संग्रहासाठी चालत नाही. खोके चालू ठेवून घराबाहेर जाऊ नये, आत सगळा कागद असतो.

मांसल झाडे हे वेगळे प्रकरण. पानफुटी, आमरीच्या (ऑर्किडच्या) जाती प्रेसमध्ये मरत नाहीत. पानफुटीच्या पानाच्या कडेवर प्रेसमध्येच नवी रोपे फुटतात, आणि बाकीची पाने एकेक करून गळून पडतात. फुले वगळून असे रोप काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवले आणि टिपून प्रेसमध्ये ठेवले, की ते नीट वाळते. लांबच्या दौऱ्यावर वाळवायची सोय नसेल, तर कागदात गुंडाळलेला गठ्ठा अल्कोहोलने भिजवून जाड पॉलिथिनमध्ये घट्ट बांधावा, आठवडे टिकतो. रंग जातो, म्हणून वहीतली नोंद आणखी महत्त्वाची.

वाळले की नाही हे ओळखायची हाताची युक्ती आहे. देठ धरून नमुना उचलावा, पाने लोंबता कामा नयेत. मग पान गालाला लावावे. गार लागले तर अजून ओल आहे. वाळल्यावर हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवले, की किडे आणि त्यांची अंडी मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर उघडायची नाही. थंड नमुन्यावर मुंबईच्या हवेतली वाफ लगेच जमते आणि पंधरा दिवसांचे काम एका तासात वाया जाते. पूर्वी नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराइड लावत, म्हणून जुने नमुने हाताळताना हातमोजे घालावेत. डीएनएसाठी पानाचे छोटे तुकडे ताजे असतानाच दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये टाकून ठेवावेत, नंतर उगीच हळहळ नको.

आता ओळख. इथे एक सापळा आहे आणि चांगले चांगले त्यात अडकतात. आपल्याकडचे हुकरचे ब्रिटिश भारताच्या वनस्पतींवरचे सात खंड, मुंबई इलाख्यावरचा थिओडोर कुकचा ग्रंथ, राज्याच्या वनस्पतिसूची हे सगळे आधार उत्तमच. पण देशाला नवी असलेली वनस्पती त्यांत असणारच नाही! तरीही त्यांतल्या किल्लीने, म्हणजे एकेका लक्षणावरून नावापर्यंत नेणाऱ्या प्रश्नमालिकेने, ओळखायला बसलो, की किल्ली तुम्हाला कुठल्या तरी नावापाशी नेऊन सोडते. ते नाव जवळच्या नातेवाइकाचे असते. अशी कितीतरी नवागत झाडे वर्षानुवर्षे जुन्या नावाखाली कपाटांत पडून आहेत. म्हणून स्थानिक किल्लीने कूळ आणि प्रजातीसमूह एवढेच ठरवावे. नाव ठरवायला चीन, थायलंड, श्रीलंका, पूर्व आफ्रिका, उत्तर अमेरिका इथले ग्रंथ उघडावेत, मूळ वर्णन वाचावे आणि टाइप नमुन्याची प्रतिमा समोर ठेवावी. आज यातले बरेचसे घरबसल्या पडद्यावर पाहता येते, हे फार मोठे भाग्य आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. ओसाडी, म्हणजे अ‍ॅजेरॅटम कोनिझॉइडिस, रस्त्याकडेला सगळीकडे दिसते. तिच्यासारखीच निळसर-जांभळ्या बारीक फुलांची प्रॅक्सेलिस क्लेमॅटिडिया ही दक्षिण अमेरिकेची वनस्पती भारतातही काही राज्यांतून नोंदली गेली आहे. चालता चालता पाहिले तर दोन्ही सारख्याच. पण एक पिकलेले फूलडोके तळहातावर चुरावे आणि दहापट भिंगाखाली बी पाहावे. ओसाडीच्या काळ्या बीजाच्या टोकाला पाच चपटे, टोकाकडे निमुळते होत गेलेले खवले असतात, लहानशा मुकुटासारखे. प्रॅक्सेलिसच्या बीजावर खवल्यांऐवजी पांढरट केसांचा झुपका असतो. बी उडून गेले असले तरी हरकत नाही. ओसाडीच्या डोक्याभोवतीची हिरवी सहपत्रे (बारीक पानांसारखे भाग) तशीच टिकतात, प्रॅक्सेलिसची गळून पडतात आणि मधला शंकूसारखा आधार उघडा राहतो. पान चुरगळले की प्रॅक्सेलिसला मांजराच्या मुतासारखा वास येतो. हे सगळे दोन मिनिटांचे काम आहे, पण फोटोवर चालणाऱ्या फोनमधल्या अ‍ॅपला यातले काहीच दिसत नाही.

वाळलेले फूल तपासायचे तर गरम पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून काही मिनिटे ठेवावे. पाकळ्या पुन्हा ताज्यासारख्या उलगडतात. डीएनए तपासणीचा आग्रह हल्ली फार वाढला आहे. ती मदतीला चांगली. पण ती आधी नोंदवून साठवलेल्या डीएनएच्या क्रमाशी किती जुळते एवढेच सांगते, आणि साठवलेल्या क्रमावरचे नावच चुकीचे असेल तर तीही चुकते.

दुसरा प्रश्न : झाड आपले आपण वाढते आहे का? मुंबईत हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. बंदराभोवतीच्या मोकळ्या जागा, रेल्वे यार्ड, भरावाची जमीन, दुभाजकांवरची लागवड, रोपवाटिकांतून आलेल्या कुंड्या आणि गुंडाळून आणलेली हिरवळ या सगळ्या वाटांनी बी शहरात येते. कुंडीच्या कडेला उगवलेले एक रोप म्हणजे देशाची नवी नोंद नव्हे. जवळ बाग किंवा रोपवाटिका किती अंतरावर आहे ते लिहावे. निदान दोन हंगाम जागेवर जावे, फुले, फळे आणि नवी रोपे मोजावीत. एखाद्या जागी तात्पुरते उगवलेले झाड आणि रुळलेले झाड यांत फरक केला जातो. माणसाच्या मदतीशिवाय दहा वर्षे तरी पिढ्या टिकवल्या, तरच ते रुळले असे म्हणण्याची पद्धत आहे. पहिल्याच वर्षी 'आक्रमक' हा शब्द वापरणे घाईचे होते.

तिसरा प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षित : आधी कोणी नोंदले आहे का? गाजरगवताचे उदाहरण आपल्या मातीतले आहे. १९५५ मध्ये पुण्यात ते दिसले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये भारतासाठी नवी नोंद म्हणून छापले गेले. पुढे पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली मदत म्हणून आलेल्या गव्हाबरोबर ते आले, अशी समजूत घरोघर पोहोचली. पण कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील झाडांची १८१४ मध्ये छापलेली यादी नंतर पुन्हा उघडली गेली, तेव्हा हे नाव तिथे आधीच सापडले. नोंद करणाऱ्यांनी डोळ्यांसमोरचे झाड अचूक ओळखले होते. 'प्रथमच' हा शब्द मात्र टिकला नाही.

म्हणून कपाटे उघडावीच लागतात. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधील ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह, १९०६ पासूनचे आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, हावड्याला केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियम. तिथे आपल्या झाडाच्या नावाची फाइल बहुधा नसेलच, म्हणून त्याच्या नातेवाइकांच्या फायली आणि 'अनिश्चित' लिहिलेले गठ्ठे पाहायचे. जुनी नावेही शोधायची. प्रॅक्सेलिस एकेकाळी युपॅटोरियम होती, रानतुळशीचे हिप्टिस हे नाव आता मेसोस्फेरम झाले आहे. चुकीच्या नावाखाली आपलेच झाड सापडले, तर जुने नाव खोडायचे नसते. आपली ओळख, नाव आणि तारीख लिहिलेली नवी चिठ्ठी शेजारी चिकटवायची. पूर्वीच्या माणसाचे मतही त्या नमुन्याचा भाग आहे.

यानंतर नमुना सुमारे २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवून किंवा शिवून, उजव्या कोपऱ्यात लेबल आणि गळलेल्या बियांसाठी छोटे पाकीट लावून, निदान दोन मान्यताप्राप्त संग्रहांत द्यायचा. एका ठिकाणी पाणी शिरले, वाळवी लागली तर दुसरा उरतो. संग्रह त्याला आपला दाखल क्रमांक देतो. तो संग्राहकाच्या क्रमांकापेक्षा वेगळा असतो, दोन्ही लेखात छापावेत. राष्ट्रीय उद्यानात किंवा राखीव जंगलात नमुना घ्यायचा तर वनविभागाची लेखी परवानगी आधी लागते. नव्या प्रजातीचा नमुना नेमून दिलेल्या भांडारात जमा करणे जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार बंधनकारक आहे.

लेख दोन-चार पानांचा पुरतो, पण वर्णन इथल्या रोपांवरून मोजून लिहिलेले हवे. परदेशी ग्रंथातली मापे जशीच्या तशी उतरवलेली असली, तर जाणकाराला पहिल्या परिच्छेदातच कळते.

आता आपल्याकडे थेट मागणी. अशी बातमी आली की बातमीदाराने चार गोष्टी विचाराव्यात : नमुना कोणत्या संग्रहात आहे आणि क्रमांक काय, लेख कोणत्या नियतकालिकात आला, झाड रानटी आहे की लावलेले, आणि ही नवी प्रजाती आहे की देशासाठी, राज्यासाठी नवी नोंद. पहिल्याचे उत्तर नसेल, तर बातमी थांबवावी. झाड कुठे पळून जात नाही, आणि क्रमांक मिळायला काही आठवडेच लागतात.

जागेविषयीही एक विनंती. आमरी, कंदीलपुष्प यांसारख्या झाडांची नेमकी जागा छापू नये. तालुक्याचे नाव पुरे, कारण बातमी वाचून लोक कंद खणायला जातात. उलट परक्या तणाची जागा मात्र रस्ता आणि खांब क्रमांकासकट छापावी. दहा रोपे असताना ती बी धरण्याआधी उपटता येतात, दहा एकर झाल्यावर येत नाहीत.

आपले,
वनस्पतिवर्गीकरणाचे काही शिक्षक व संग्राहक,
मुंबई